वरळीची ज्यू दफनभूमी ‘इंग्रजांची बेवारस जागा’ नाही

‘वरळीचं ज्यू कबरस्तान म्हणजे इंग्रजांचं जुनं स्मशान, सगळे ज्यू इस्रायलला निघून गेले, जागा बेवारस पडलीय’ असा मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

ही दफनभूमी बेने इस्रायल या ज्यू समाजाची. ही माणसं कोकणातली, घरात मराठी बोलणारी. तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी काम बंद ठेवायची म्हणून ‘शनिवार तेली’. कबरींचे दगडच बघा ना: वर हिब्रू, खाली देवनागरीत मराठी, आणि आडनाव पेणकर, रोहेकर किंवा नवगावकर. इंग्रजाच्या कबरीवर पेणकर कशाला येईल? यांच्यातल्याच सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये मांडवीला मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधलं. डॉ. ई. मोझेस मार्ग ज्यांच्या नावाचा, ते महापौरही याच समाजाचे.

१९४८ मध्ये इस्रायल देश झाल्यावर बरेच जण इस्रायलला गेले, हे खरं. पण मुंबई-ठाण्यात आजही काही हजार आहेत. शिवाय ज्यू धर्मात कबर कायमची मानतात. वारस परदेशी गेला म्हणून जागा मोकळी होत नाही.

चिंचपोकळीची दफनभूमी वेगळी, ती बगदादी ज्यूंची, म्हणजे इराक आणि आसपासच्या देशांतून आलेल्या ज्यूंची. मेसेजमध्ये दोन्हींची सरमिसळ झालीय.

तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.