एकराचा हिशेब पुरे, लाख लिटरचा मांडा

पंधरवड्यात एकच मेसेज पाच ग्रुपवर आला. ‘उसाइतका पैसा एकरी दुसरं कुठलंच पीक देत नाही. ठिबक केलं की निम्मं पाणी वाचतं, प्रश्न मिटला. पाणी खरं तर शहरं पितात. उसाला नावं ठेवणाऱ्यांनी कधी शेती केलेली नाही.’

शेती मी करतो, लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात. त्यामुळे शेवटचं वाक्य इथेच गळालं.

आता एकरी पैशाचं. आमच्याकडे तोटा जमिनीचा नाही, पाण्याचा आहे. मग भागाकार एकराने का करायचा? सुरू उसाला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या उसाला, पावसाचं वजा जाता एकरी साधारण 75 लाख लिटर पाणी द्यावं लागतं. 40 टन उतारा आणि तोडणी-वाहतूक कापून टनाला 2,800 धरले तर 1 लाख 12 हजार रुपये होतात. म्हणजे लाख लिटरला दीड हजार. हरभऱ्याला पाण्याच्या तीन पाळ्या दिल्या तर 9 लाख लिटर लागतं. 8 क्विंटल माल, 5,300 भाव. लाख लिटरला 4,700 रुपये पडतात. आकडे ढोबळ आहेत, तुमच्या रानाचे घालून बघा. खर्च वजा केला तरी फरक तिपटीच्या आसपासच राहतो.

आणि लिटर-लिटरमध्येही फरक असतो. 2023 चा ऑगस्ट आठवा, देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा. सोयाबीन ऐन फुला-शेंगांत होतं. ज्याच्या विहिरीत एका पाळीपुरतं पाणी मोकळं होतं, त्याचं पीक तगलं. ज्याची विहीर उसाला बांधलेली, त्याने आधी ऊस जगवला; सोयाबीनच्या शेंगा पापडासारख्या चपट्या राहिल्या. त्या एका पाळीची किंमत मेसेजवाल्याने कुठे धरली आहे?

ठिबकाबद्दल मी वाईट बोलणार नाही, माझ्याकडेही आहे. पण माझ्या चुलतभावाचं बघा. दोन एकर ऊस ठिबकवर नेला, पाणी वाचलं, म्हणून पुढच्या वर्षी चार एकर लावला. मोटार पहिल्याइतकीच चालते. मार्चअखेर बटण दाबलं की चाळीस मिनिटांत मोटार हवा ओढते. मग तीन तास झरा भरायची वाट बघायची. शिवाय पाटपाण्यातलं जे वाया जातं म्हणतो, त्यातलं बरंचसं मुरून खालच्या विहिरींना मिळायचं. आता तेवढंही मिळत नाही. उपशाला मर्यादा नसेल तर ठिबकाने फक्त लागवड वाढते. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुणे जिल्ह्यात पुरंदरच्या नायगावात पाणी पंचायत, म्हणजे गावाने पाणी वाटून घ्यायची व्यवस्था, उभी केली. तिथे पाणी माणशी अर्ध्या एकरापुरतं ठरवलं आणि ऊस बंद ठेवला. आधी वाटा ठरला.

शहरांचं म्हणाल तर लातूरकरांनी 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलं आहे. राज्यात पिकांखालच्या एकूण जमिनीपैकी ऊस चार टक्क्यांच्या आसपास जमीन आणि सिंचनाचं पाणी सुमारे 70 टक्के घेतो, हा अंदाज केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने मांडलेला आहे. यावर जास्त काय बोलायचं.

मेसेजात खरा मुद्दा आलाच नाही, तो मीच सांगतो. उसाला एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, कायद्याने मिळते. 14 दिवसांत पैसे द्यायचा नियम 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. कारखाने तो किती पाळतात हे सोडा, मागायला आधार तरी आहे. टोळी येते, ऊस तोडून नेते. हरभरा घेऊन गेलो की आडतीवर ओलावा दाखवून भाव पाडतात. हमीभावाच्या केंद्रावर नाव नोंदवून आलो तर बारदाना संपलेला. पाऊण एकराच्या हरभऱ्यासाठी गेल्या साली तीन हेलपाटे झाले, शेवटी माल आडतीवरच टाकला.

म्हणून एवढा हिशेब मांडूनही माझ्या रानात वीस गुंठे खोडवा, तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, अजून उभा आहे.