तुमचं तिखट तुमच्या ताटात ठेवा ना!

खा ना तिखट! कोण नाही म्हणतंय? हिरवा ठेचा खा, लाल ठेचा खा, तर्रीत पोहून खा. पण एकट्याच्या जिभेसाठी अख्ख्या घराने नाकाडोळ्यांतून पाणी का गाळायचं?

आमचे मामाजी, म्हणजे सासरे, पाटावर बसले की घास घ्यायच्या आधी रश्शाचा रंग बघतात. वर लाल तवंग दिसला नाही की सुरू, "काऊन वो, बिमाराचं जेवन केलं का आज?" कढीगोळे केले तरी हेच, साधं वरण केलं तरी हेच. गोळाभातावर लोक तेल घेतात, हे तेलात तिखट कालवून घेतात. बरं, तुमची भाजी वेगळी काढते म्हटलं तर अपमान होतो. एकाच गंजातलं सगळ्यांनी खायचं, आणि त्या गंजाचं माप यांच्या जिभेचं!

पोरगी अजून बालवाडीत आहे. ती वांग्याची फोड पेल्यातल्या पाण्यात बुचकळून खाते. पेल्यातलं पाणी लाल होतं. आजोबा हसतात, "शीक, शीक! भिवापूरची पोट्टी हायेस तू!" भिवापुरी मिरचीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते जणू यांच्याच नावावर. पोरगी रडायला लागली की म्हणणार, पाणी पाज तिला. अहो, ती आग पाण्याने जात नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळतच नाही, दूध नाहीतर दही द्यावं लागतं. ते विरजण कोण लावतं? मीच.

आणि ठेचा पाट्यावरचाच पाहिजे, मिक्सरमधला 'मेलेला' लागतो म्हणे. मिरच्या तव्यावर टाकल्या की घरभर ठसका. सासूबाई खोकत खोकत अंगणात जातात. मामाजी ओसरीवर, वाऱ्याला. वाटून झालं की माझ्या बोटांची जी आग होते ती साबणाने हटत नाही. आधी तेल चोळा, मग साबण लावा, तरी नखांच्या कडेला राहतेच. रात्री पोरीला थोपटायचं तर हात पदरात गुंडाळून थोपटते मी. सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, दिवसभर मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांना विचारा, तिखटाचं कौतुक किती असतं ते.

काही बोललं की वाडवडील काढतात. आपलं पिढ्यान्‌पिढ्याचं खाणं आहे म्हणे. मिरची पोर्तुगीजांनी आणली हो, सोळाव्या शतकात! त्याआधीचे वाडवडील मिरी आणि पिंपळीवर जगले, काही मेले नाहीत. हे मी एकदा बोलून दाखवलं तर दोन दिवस अबोला. (ते दोन दिवस भाजी मात्र छान झाली होती.)

डॉक्टरांनी तिखट बंद करायला सांगितलंय. कशासाठी ते लिहीत नाही, समजून घ्या. घरी येऊन काय म्हणावं? "डॉक्टर पुन्याकडचा हाय, भाजीत साखर खानारा. त्याले काय समजते?" आणि त्याच रात्री झुणक्यावर कच्च्या तिखटाची चिमूट. नवरा शेजारी बसून मान खाली घालून नाक पुसत जेवतो. बापासमोर त्याची जीभ रेटत नाही. माझ्यापाशी येऊन मात्र म्हणतो, जरा कमी टाकत जा ना.

आता रविवारी नणंदेकडचे येणार. सावजी मटणाचा हुकूम आजच सुटलाय, "झनझनीत होऊ दे." मागच्या वेळी नंदोई घामाने निथळत, हाहू करत जेवले. मामाजींना वाटलं, पाहुणा खूश झाला!

या रविवारी दोन गंज चढणार. एक मामाजींचा, एक माणसांचा. आणि ठेचा पाहिजे असेल तर पाटा परसात आहे, मिरच्या टोपल्यात आहेत, हात देवाने त्यांनाही दोन दिलेत.