ब्लॅकहीथ फक्त लाथांसाठी बाहेर पडला नव्हता

रग्बीच्या जन्माची एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. १८२३ मध्ये इंग्लंडमधल्या रग्बी नावाच्या शाळेतल्या विल्यम वेब एलिस नावाच्या मुलाने फुटबॉल खेळताना चेंडू उचलला, पळत सुटला आणि नवा खेळ जन्मला. पुढे १८६३ मध्ये फुटबॉल असोसिएशनने सभ्य नियम केले. हातांचा खेळ बंद झाला. तेव्हा जगातला सर्वांत जुना रग्बी क्लब, ब्लॅकहीथ, एकमेकांच्या नडग्या फोडायची मोकळीक हवी म्हणून रुसून निघून गेला. एवढ्यावर लंडनच्या आग्नेय उपनगरातल्या या क्लबच्या कपाळी आडदांडपणाचा शिक्का बसला. तो मला मान्य नाही.

एलिसचं आधी उरकतो. ही कथा छापून आली १८७६ मध्ये, एलिस वारल्यानंतर चार वर्षांनी. सांगणारे मॅथ्यू ब्लॉक्सम त्याच शाळेचे, पण प्रसंग त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. १८९५ मध्ये माजी विद्यार्थ्यांनी चौकशी बसवली, तेव्हाही प्रत्यक्ष साक्षीदार एकही सापडला नाही. चेंडू घेऊन धावणं शाळेत हळूहळू रुळलं, एका दुपारी नव्हे.

आता १८६३. असोसिएशन स्थापन करणाऱ्यांत ब्लॅकहीथ स्वतः होता आणि खजिनदार एफ. एम. कॅम्पबेल त्याच क्लबचे होते. म्हणजे हे कुणी बाहेरून येऊन बैठक उधळणारे नव्हते. लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्न या खानावळीत त्या वर्षअखेरीस बैठकांवर बैठका झाल्या, आणि नोव्हेंबरच्या मसुद्यात दोन नियम लागोपाठ होते. नववा म्हणत होता, चेंडू हवेत किंवा पहिल्या टप्प्यावर झेलला तर तो घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या गोलाकडे धावता येईल. दहाव्यात असं धावणाऱ्याला कसं अडवायचं ते होतं: धक्का द्या, धरा, पाय घालून पाडा, नडगीवर लाथ मारा, चेंडू हिसकावून घ्या. फक्त एकाच वेळी धरायचं आणि लाथही मारायची, असं करायचं नाही.

डिसेंबरमध्ये बहुमताने हे दोन्ही नियम गेले. फिरणाऱ्या गोष्टीत नेमकं हेच गळतं. नववा नियम गेला म्हणजे ब्लॅकहीथ खेळत होता त्या खेळाचा कणाच गेला. धावताच येणार नसेल तर त्या मंडळींनी तिथे थांबून करायचं काय? ८ डिसेंबरला क्लब बाहेर पडला, तो ही दोन्ही कारणं घेऊन.

कॅम्पबेल लाथांच्या बाजूने तावातावाने बोलले, हे खरंच आहे. त्या काढल्या तर खेळातली हिंमत संपेल आणि आठवडाभर सराव केलेले फ्रेंच लोकही तुम्हाला हरवतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो तेव्हाही चुकीचा होता, आजही आहे. पण एका माणसाच्या भाषणावरून क्लबचा सगळा इतिहास ठरवणं योग्य नाही.

शिवाय ‘हातांचा खेळ बंद झाला’ हेही खोटं. असोसिएशनच्या १८६३ च्या अंतिम नियमांतसुद्धा चेंडू हातांनी झेलता येत होता. झेल घेऊन टाचेने खूण केली की फ्री किक मिळायची. बंदी होती ती चेंडू घेऊन धावण्यावर.

आणि पुढचं तर कुणी सांगतच नाही. डिसेंबर १८७० मध्ये ‘द टाइम्स’मध्ये एक पत्र आलं. रग्बी पद्धतीने खेळणाऱ्या क्लबांनी एकत्र येऊन एकच नियमावली करावी, असं आवाहन त्यात होतं. पत्र रिचमंड क्लबचे एडविन ॲश आणि ब्लॅकहीथचे बेंजामिन बर्न्स यांचं. त्यातूनच २६ जानेवारी १८७१ रोजी २१ क्लबांनी रग्बी फुटबॉल युनियन स्थापन केली. नियम लिहायचं काम तीन वकिलांकडे गेलं, आणि त्यातले एल. जे. मेटन खेळताना पाय मोडून अंथरुणाला खिळलेले होते. बाकीच्यांनी त्यांना तंबाखू पुरवायची आणि मेटननी मसुदा करायचा, असं ठरलं. त्या नियमावलीत नडगीवर लाथ मारायला आणि पाय घालून पाडायला साफ बंदी घातली गेली. ज्यांना आपण लाथांचे कैवारी म्हणतो, त्यांच्याच पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संघटनेने हे केलं, बाहेर पडल्याला आठ वर्षंही झाली नव्हती तेव्हा! त्याच वर्षी मार्चमध्ये एडिंबरात स्कॉटलंडविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. इंग्लंडचे कर्णधार होते ब्लॅकहीथचे फ्रेडरिक स्टोक्स.

राहिलं ‘जगातला सर्वांत जुना’. ब्लॅकहीथचं वर्ष १८५८. डब्लिन विद्यापीठाचा क्लब १८५४ चा, आणि लंडनचं गायज हॉस्पिटल तर १८४३ वर दावा सांगतं. पण ते विद्यापीठाचे आणि रुग्णालयाचे संघ होते. ब्लॅकहीथ सुरू केला तो ब्लॅकहीथ प्रोप्रायटरी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी, पण दार त्यांनी आपल्या शाळेपुरतं ठेवलं नाही. म्हणून ही गोष्ट पुढे पाठवायचीच असेल, तर ‘कोणत्याही एका संस्थेपुरता नसलेला सर्वांत जुना रग्बी क्लब’ असं लिहा.