बर्फात गोठून जिवंत होणारा मासा? फॉरवर्ड नीट वाचा

सोलापुरात उन्हाळा तापला की बर्फाचे व्हिडिओ फिरायला लागतात. सध्या अलास्कातल्या ब्लॅकफिशची पाळी आहे. लादीत अडकलेल्या माशावर कोमट पाणी ओतलं की तो वळवळतो. खालचा मजकूर असा: तिथली तळी तळापर्यंत गोठतात, हा मासा हिवाळाभर दगड होऊन राहतो, रक्तात दारू असल्याने मरत नाही, घरच्या गोल्डफिशवरही करून बघा.

दगड होण्याची थाप जुनी आहे. १८८६ मध्ये ल्यूशियन टर्नर या अमेरिकन निसर्ग-अभ्यासकाने लिहून ठेवलं, की कुत्र्याने गिळलेला गोठलेला ब्लॅकफिश पोटातल्या उबेने वितळला आणि कुत्र्याने तो जिवंत ओकला. किस्सा झकास, पण पुढे प्रयोगांत पूर्ण गोठलेला मासा जगत नाही असंच दिसलं. पेशींच्या आत बर्फ धरला की त्या फाटतात. व्हिडिओतला मासा खरंच हलला असेल, तर बर्फ वरवरचा होता, आतला मासा गोठलेला नव्हता.

तळ्याचं म्हणाल तर पाणी सर्वांत जड असतं ४ अंशांना. ते खाली बसतं, बर्फ वर तरंगतो. पुरेशा खोल तळ्यात मासे त्या खालच्या पाण्यात हिवाळा काढतात.

तिथे खरी अडचण थंडीची नाही, श्वासाची. वर बर्फाचं झाकण, खाली कुजणारा पाला. ऑक्सिजन संपत जातो. वीतभर लांबीचा हा ब्लॅकफिश तेव्हा बर्फातल्या भोकाशी येऊन हवा गिळतो. त्याची अन्ननलिकाच हवेतला ऑक्सिजन शोषते! गोठण्याच्या थापेपेक्षा हे कितीतरी भारी आहे, पण ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

दारूची गोष्ट खरी आहे, फक्त मासा चुकला. ती युरोपातल्या क्रूशियन कार्पची. ऑक्सिजन नसताना तो यकृतातल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे साठवलेल्या साखरेवर, जगतो. त्यातून साचणारं लॅक्टिक आम्ल त्याला मारेल, म्हणून त्याचं अल्कोहोल करून कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलंय. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला ३० ची मर्यादा आहे. म्हणजे हा मासा नाक्यावर नक्की पकडला जाईल. पण हे अल्कोहोल गोठण्यापासून वाचवायला नाही, ती श्वासाविना जगण्याची सोय आहे.

गोल्डफिश याच कार्पचा नातलग, अल्कोहोलची युक्ती त्यालाही येते. म्हणून फ्रीजर त्याला सोसेल असं होत नाही. तिथे उणे १८ अंश असतात, मासा मरणारच. मे महिन्यात सोलापूरच्या घरातल्या टाकीची अडचण तर उलटी आहे: पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर एअर पंप चालू ठेवा, थोडं पाणी बदला, टाकी उन्हातून हलवा. बर्फाचे खडे टाकू नका, पाणी एकदम गार झालं की माशाला झटका बसतो.