चालीला ३ गुण, डोक्याला ३९

नमस्कार,

‘प्रदर्शनांनी कामाची कुत्री बिघडवली’, म्हणजे दिसण्यावर बक्षिसे देणाऱ्या कुत्र्यांच्या प्रदर्शनांनी शिकारीच्या, मेंढ्या वळण्याच्या कामाची कुत्री बिघडवली, हे माझ्या मागच्या लेखातले वाक्य आपल्याला खटकले आणि आपण वेळ काढून त्यावर सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. आपले म्हणणे मला समजले ते असे: ब्रीड स्टँडर्ड, म्हणजे जातीचा कुत्रा कसा असावा हे सांगणारे लिखित मानक, हे मुळात काम जाणणाऱ्या लोकांनीच तयार केले आणि त्यातल्या प्रत्येक मापामागे कामाचे कारण आहे, असे मानक नसते तर जाती दोन-चार पिढ्यांत विस्कटून गेल्या असत्या, आणि मी एकही मानक मुळातून न वाचता लेख लिहिला असावा.

शेवटच्या आक्षेपाला मी स्वतःच खतपाणी घातले आहे. केनेल क्लबचे, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे, परीक्षक मानक ठरवतात, असे मी लिहिले होते, आणि ते चूक आहे. अमेरिकेत त्या त्या जातीचा राष्ट्रीय क्लब मानकाचा मजकूर तयार करतो आणि अमेरिकन केनेल क्लब त्याला मंजुरी देतो. ब्रिटनमध्ये १८७३ साली स्थापन झालेला केनेल क्लब मानके स्वतःकडेच ठेवतो. एफसीआय या १९११ पासूनच्या आंतरराष्ट्रीय महासंघात, जात ज्या देशाची मानली जाते त्या देशाच्या संघटनेचे मानक ग्राह्य धरतात. परीक्षक फक्त त्या मजकुराचा अर्थ लावतो. ही माझी चूक आपल्या बाजूने जाते असे मात्र मला वाटत नाही, कारण मजकूर कोणी कितीही जाणकाराने लिहिला असला, तरी पुढच्या पिढीचा बाप कोण होणार हे अर्थ लावणाऱ्याने दिलेल्या बक्षिसावरच पुष्कळसे ठरते.

मापांमागे कामाचे कारण असते, हे आपले म्हणणे काही जातींच्या बाबतीत अगदी खरे आहे. पार्सन रसेल टेरिअरची तपासणी पाहण्यासारखी असते. परीक्षक कुत्र्याच्या मागे उभा राहतो, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीला दोन्ही हातांचा विळखा घालतो, पुढचे पाय जमिनीवरून किंचित उचलतो आणि छाती हलकेच दाबून पाहतो. अंगठे वर पाठीच्या कण्यापाशी आणि बोटे खाली छातीशी जुळली तर कुत्रा त्या कसोटीला उतरला. कोल्ह्यामागे बिळात शिरणाऱ्या कुत्र्याची छाती रुंद असून चालत नाही, आणि अरुंद असली तरी ती दबणारी हवी, नाहीतर वळणावर कुत्रा आत अडकतो. हे माप बिळातून थेट मानकात आलेले आहे. लॅब्राडोरची दाट, पाणी न धरणारी दुहेरी लव आणि बुडाशी जाड असलेली शेपटी यांचाही संबंध पाण्यातून शिकार उचलून आणण्याशी आहे.

पण ‘प्रत्येक मापामागे’ हा आपला शब्द मला मान्य होत नाही. सिंहाच्या शिकारीत वापरल्या गेलेल्या ऱ्होडेशियन रिजबॅकच्या पाठीवर उलट्या दिशेने वाढणाऱ्या केसांचा पट्टा असतो. तो कुठे सुरू व्हावा, कसा निमुळता होत जावा आणि त्यावर समोरासमोर दोन भोवरे कसे असावेत, हे मानक बारकाईने सांगते. सिंहाला रोखून धरण्यात या पट्ट्याचा काडीचाही उपयोग नाही. उलट, ज्या जनुकीय बदलामुळे हा पट्टा येतो त्याच बदलामुळे पाठीच्या त्वचेत कण्याच्या दिशेने नळीसारखी पोकळी राहण्याच्या जन्मजात दोषाचा धोका वाढतो, हे २००७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. तरीही पट्टा नसलेली निरोगी पिल्ले केवळ त्या कारणाने मारून टाकण्याची प्रथा कित्येक ब्रीडरांकडे वर्षानुवर्षे चालू होती.

आता मानकाच्या मजकुराकडे वळतो. अमेरिकन केनेल क्लबच्या बुलडॉग मानकात शंभर गुणांचा एक तक्ता आहे. त्यात डोक्याला एकूण ३९ गुण आहेत. त्यांपैकी कानांना ५, सुरकुत्यांना ५ आणि नाकाला ६. रंगाला ४ गुण आहेत आणि चालीला ३. म्हणजे कुत्रा कसा चालतो यापेक्षा तो कोणत्या रंगाचा आहे याला एक गुण जास्तच मिळतो. त्याच मानकात कवटीबद्दल लिहिले आहे की ती खूप मोठी असावी आणि कानांपुढून मोजलेला तिचा घेर निदान कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीएवढा तरी असावा. ‘निदान’ हा शब्द मला फार बोलका वाटतो. खालची मर्यादा आहे, वरची नाहीच. मग दोन कुत्री मानकात बसत असतील तेव्हा ज्याचे डोके अधिक मोठे, तोच परीक्षकाच्या नजरेत भरणार, त्याच्याकडूनच पैदास होणार आणि पुढच्या पिढीत स्पर्धा त्याहून मोठ्या डोक्याची होणार. बैलांशी कुत्री झुंजवण्याला इंग्लंडमध्ये १८३५ साली बंदी आली, म्हणजे या कुत्र्याचे काम संपल्यावर कैक वर्षांनी त्याचे मानक लिहिले गेले. कामाचा लगाम आधीच सुटला होता. आज या जातीच्या बहुसंख्य माद्यांची बाळंतपणे शस्त्रक्रियेने करावी लागतात, ती उगाच नव्हे.

याच्याशेजारी मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांच्या चाचणीचा गुणतक्ता ठेवून पाहा. दूरवरच्या मेंढ्यांना वळसा घालून पलीकडे पोहोचण्याला २० गुण, त्यांना न बिथरवता जागेवरून हलवण्याला १०, सरळ रेषेत धन्याकडे आणण्याला २०, तिथून ठरलेल्या वाटेने हाकत नेण्याला ३०, कळपातून काही मेंढ्या वेगळ्या काढण्याला १० आणि वाड्यात कोंडण्याला १०. हेही शंभरच होतात. कान कसे आहेत, हे विचारायला त्यात जागाच नाही.

दुसरा आक्षेप, म्हणजे मानकाविना जात टिकत नाही हा, इथेच निकालात निघतो असे मला वाटते. मेंढ्या वळणाऱ्या बॉर्डर कॉली या जातीची नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय शीपडॉग सोसायटी १९०६ साली स्थापन झाली, आणि ब्रिटिश केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली ती १९७६ मध्ये. मधली सत्तर वर्षे ही जात दिसण्याच्या मानकाशिवाय नुसती टिकलीच नाही, तर जगभर पसरली. कोणाचे कान उभे, कोणाचे अर्धे दुमडलेले. कोणाची लव आखूड, कोणाची लांब. पण पोट जमिनीलगत आणून दबकत पुढे सरकणे आणि नजरेने मेंढीला जागीच खिळवून ठेवणे, हे मात्र ओळखू येण्याइतके सारखे. अमेरिकन केनेल क्लबने १९९५ मध्ये ही जात आपल्याकडे घेतली तेव्हा सर्वांत मोठा विरोध या कुत्र्यांकडून काम करून घेणाऱ्यांनीच केला. त्यांची भीती मानकातल्या एखाद्या वाक्याबद्दल नव्हती. दिसण्यावर बक्षीस मिळू लागले की पैदास त्या दिशेला जाणार, ही होती.

आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आपण मांडलाच नाहीत, म्हणून तो मीच मांडतो. माक्स फॉन श्टेफानित्झ यांनी १८९९ साली जर्मन शेफर्डची संघटना उभारली ती कामाला प्राधान्य देऊनच. (त्यांना या जातीचा मूळपुरुष ठरलेला होरांड हा कुत्रा एका प्रदर्शनातच सापडला, हेही आपल्या पारड्यात टाकतो.) त्या संघटनेत पैदाशीपूर्वी कामाची परीक्षा आवश्यक ठरली. मग प्रश्न सुटायला हवा होता. तरीही आज प्रदर्शनाची आणि कामाची अशी दोन घराणी त्या जातीत सरळ वेगळी ओळखू येतात. याचे कारण माझ्या मते असे, की परीक्षा उत्तीर्ण होण्यापुरती असते आणि क्रमांक मात्र प्रदर्शनाच्या रिंगणात लागतो. उत्तीर्ण झालेले सगळे सारखेच, पण पहिला एकच. आणि नराला मागणी येते ती पहिल्या क्रमांकाला. अडथळा ओलांडण्यापुरती ठेवलेली कसोटी जातीला घसरण्यापासून काही अंशी अडवते, पण दिशा देत नाही. मूळ लेखात मी हा भेद करायला हवा होता.

तसेच, बहुतेक कुत्र्यांना आयुष्यात मेंढी दिसणार नाही की बीळ, हे आपले निरीक्षण मला मान्य आहे, आणि कामासाठीच घडवलेला कुत्रा रिकामा बसवून ठेवणे हा त्याच्यावर अन्यायच आहे. घरात येणारे पिल्लू मोठेपणी केवढे होईल, त्याची लव किती राखावी लागेल, याचा भरवसा मानकामुळे मिळतो. स्वभावाचा भरवसा मात्र त्यातून फारसा मिळत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कुत्र्याकुत्र्यांतल्या वागण्याच्या फरकापैकी सुमारे ९ टक्केच फरकाचा उलगडा जातीवरून होतो, असे आढळले.

मानके रद्द करावीत का, असे आपण शेवटी विचारले आहे. नाही. ती बदलता येतात, हे ब्रिटिश केनेल क्लबने २००९ मध्ये आपल्या सर्व मानकांची फेरतपासणी करून दाखवले. पण त्यानंतरही त्याच क्लबच्या २०१२ च्या क्रफ्ट्स प्रदर्शनात, आरोग्याच्या दृष्टीने जास्त धोक्याच्या १५ जातींतल्या सर्वोत्तम ठरलेल्या कुत्र्यांना जेव्हा प्रथमच स्वतंत्र पशुवैद्यांनी तपासले, तेव्हा त्यांपैकी ६ कुत्री त्या तपासणीत नापास झाली. परीक्षकांनी त्यांना थोड्याच वेळापूर्वी पहिले ठरवले होते. त्यामुळे शब्द सुधारावेतच, ‘निदान’ असेल तिथे ‘फार तर’ही लिहावे, आणि बक्षिसावर रिंगणाबाहेरच्या माणसाचीही सही असावी, एवढी माझी मागणी आहे.

केनेल क्लबच्या परीक्षकांविषयीचे चुकीचे विधान मूळ लेखात आजच दुरुस्त केले आहे. ‘बिघडवली’ हा शब्द मात्र तसाच ठेवला आहे.