खुलासा: समुद्रतळाशी बुडालेल्या शहराचे ‘रस्ते’

‘कॅनरी बेटांजवळ अटलांटिकच्या तळाशी रस्त्यांची चौकट, बुडालेलं अटलांटिस सापडलं!’ हा गूगल अर्थवरचा फोटो पुन्हा फिरतोय. फोटो खरा, शहर खोटं. गोष्ट 2009 ची आहे, आणि त्या रेषा जहाजांच्या वाटा आहेत, असं गूगलने तेव्हाच सांगितलं होतं.

उपग्रहाला पाण्याखालचा तळ थेट दिसत नाही. गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकांवरून त्याचा ढोबळ, पुसट अंदाज बांधतात. नेमकी खोली हवी तर जहाजाला जावं लागतं. जहाज खाली ध्वनी सोडतं आणि प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून खोली काढतं. नांगर तासामागून तास धरतो तसं ते येरझाऱ्या घालतं. जिथून गेलं तिथला पट्टा ठसठशीत, मधला भाग तसाच धूसर. दोन्ही माहिती एकत्र सांधली की उभ्याआडव्या रेषा उमटणारच.

फोटो झूम करून बघा. एकेक ‘रस्ता’ कित्येक किलोमीटर रुंद भरतो. एवढ्या रुंद रस्त्यावरून कोणाची वरात जायची? 2012 मध्ये सुधारित माहिती भरल्यावर ती चौकट नकाशावरून गायब झाली. फिरतोय तो जुना स्क्रीनशॉट.