ऑपरेशन झालंय म्हणून लेकराला मांडीवर घेऊन गाडीत बसू नका, त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आलाय, सोसायटीतल्या आयांचा, माहेरचा, सासरचा आणि शाळेतल्या मैत्रिणींचा. मेसेज असा की सिझेरियन, हर्निया, पिशवीचं ऑपरेशन असं काही झालं असेल तर दीड-दोन वर्षांच्या मुलाला कार सीटमध्ये, म्हणजे गाडीत लावायच्या लहान मुलांच्या वेगळ्या सीटमध्ये, बसवायच्या भानगडीत पडू नका, त्यासाठी उचलावंच लागतं आणि टाके तुटतात, त्यापेक्षा मागच्या सीटवर मांडीवर घेऊन बसा, आईच्या मिठीइतकी सुरक्षित जागा नाही, शहरात गाडी पळते कितीशी, फार वाटलं तर एकच बेल्ट दोघांना लावा, आपल्याकडे तसा कायदाही नाही, आणि बसवायचंच असेल तर पटकन एकदा उचललं म्हणून काही होत नाही, आपल्या आज्या बाळंतपणानंतर आठवड्यात कळशा उचलायच्या. खाली हात जोडलेले आणि ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा’.

पोचला माझ्यापर्यंत. आणि मी नेमकी त्याच जागी आहे म्हणून लिहितेय. पाच आठवड्यांपूर्वी माझं बेंबीजवळच्या हर्नियाचं ऑपरेशन झालं, आत जाळी बसवलीये, सर्जननी सांगितलंय की सहा आठवडे 5 किलोच्या वर काही उचलायचं नाही. मुलगा सव्वादोन वर्षांचा, साडेबारा किलो. नवरा सकाळी सातला चाकणला निघतो, गाडी सासरे चालवतात पण त्यांची कंबर गेलेली, म्हणजे त्याला पाळणाघरात सोडायला आम्ही दोघं मोठी माणसं निघतो आणि दोघांनाही त्याला उचलता येत नाही. तरी या पाच आठवड्यांत तो एकदाही मांडीवर बसून गेलेला नाही.

सगळ्यात आधी तेच घेते, की बसवायचं म्हणजे उचलावंच लागतं. नाही लागत. दोन वर्षांचं मूल सोफ्यावर चढतं, पलंगावर चढतं, आपण बघत नसताना ओट्याजवळची खुर्ची ओढून डब्यापर्यंत पोचतं, मग गाडीत का नाही चढणार? आपण सवयीने त्याला काखेत धरून आत ठेवतो म्हणून त्याला चढता येतं हे आपल्याला माहीतच नसतं, एवढंच.

आम्ही काय केलं ते नीट सांगते. ऑपरेशनच्या दहा दिवस आधी नवऱ्याने सीट मधल्या जागेवरून काढून डाव्या दाराशी लावली, म्हणजे फुटपाथच्या बाजूला, कारण मधल्या सीटपर्यंत पोचायला वाकून, हात लांब करून वजन सरकवावं लागतं आणि पोटाला सगळ्यात वाईट तेच. मग बाथरूममधलं प्लास्टिकचं स्टूल आणलं, वीतभर उंचीचं, खाली रबर असलेलं. बंद गाडीत, पार्किंगमध्ये, कुठेही जायचं नसताना रोज संध्याकाळी दहा मिनिटं तोच खेळ. स्टूलवर दोन्ही पाय, मग एक गुडघा गाडीच्या उंबऱ्यावर, मग हात सीटच्या कडेला, मग पोट टेकवून वर, आणि शेवटी वळून बसायचं. हे वळणं त्याला जमेना. तो सीटवर गुडघ्यावर उभा राहून मागच्या काचेतून बाहेर बघत बसायचा आणि मी ‘बस ना रे’ करत राहायचे. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, अगं त्याला वळ म्हणू नकोस, तुझ्या हातात काहीतरी धर आणि घ्यायला सांग. मग मी दारात उभी राहून त्याची लाल बस हातात धरायला लागले, ती घ्यायला तो आपोआप वळायचा आणि बुड टेकायचं. आता बस लागतही नाही.

माझा एक हात त्याच्या पाठीमागे असतो, न लावता, तोल गेला तर सावरायला. पण तो खरंच घसरला तर झेलायचं नाही हे मी मनाशी पक्कं केलंय, वीतभरावरून खाली बसला तर रडेल, बाकी काही होणार नाही. आणि स्टूल उतारावर लावायचं नाही, ते सरकतं.

तो बसला की मी बाहेरून वाकून बेल्ट लावत नाही. दुसऱ्या दाराने जाऊन मागे त्याच्या शेजारी बसते आणि मग लावते, दोन्ही हात छातीजवळ राहतात, पोट पिळत नाही. पट्टे आधीच दोन बाजूंना बाहेर काढून ठेवायचे, नाहीतर मूल त्यांच्यावरच बसतं आणि मग ते काढायला त्याला उचलावं लागतं. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला नाही पाहिजे इतका घट्ट हवा. एप्रिल-मे मध्ये बकलवर ओला रुमाल नाहीतर दुपट्टा टाकून ठेवा, पार्किंगला सावली नसेल तर ते धातूचं टोक चटका बसेल इतकं तापतं, आणि एकदा मांडीला चटका बसला की पोरगं पुढचे चार दिवस सीट बघूनच ताठ होतं.

ताठ होण्याचं सांगायलाच हवं, कारण खरं वजन आपण तेव्हा उचलतो. मूल धनुष्यासारखं मागे वाकतं, आपण घाईत असतो, आणि मग दोन्ही हातांनी ढकलून बसवतो. तिथे थांबायचं. दार लावायचं, शेजारी बसायचं, पाच मिनिटं जाऊ द्यायची, उशीर झाला तर झाला. मी पाळणाघरात आधीच सांगून ठेवलं होतं की दीड महिना आम्ही वेळेवर पोचलो नाही तर समजून घ्या, आणि त्यांनी घेतलं.

ज्यांची सीट अजून मागे तोंड करून आहे त्यांचं थोडं वेगळं, तिथे मुलाने आधी गाडीच्या सीटवर उभं राहायचं आणि बाजूने आत उतरायचं, हे तुम्ही आत बसलेल्या असताना जास्त सोपं पडतं. दाराकडे फिरणाऱ्या सीटही मिळतात, महाग आहेत, पण कुणाकडून दीड-दोन महिन्यांसाठी मिळाली तर चांगलंच. फक्त चढायला सोपं म्हणून मुलाचं तोंड वेळेआधी पुढे करू नका. युरोपच्या नव्या नियमात, म्हणजे आर129 मध्ये, 15 महिन्यांच्या आत पुढे तोंड करायला परवानगीच नाही आणि ती किमान मर्यादा आहे, सीट परवानगी देते तितके दिवस मागेच ठेवलेलं बरं. आणि बारकं बाळ असेल तर बास्केटसारखी सीट बाळासकट उचलून वर नेऊ नका, चार किलोचं बाळ आणि चारेक किलोची सीट मिळून तुमची मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. सीट गाडीत राहू दे, फक्त बाळ न्या.

आता मांडी. आईच्या मिठीबद्दल मला कुणी शिकवू नये, मीही आईच आहे आणि ती मिठी किती घट्ट असते ते मला माहीत आहे. पण गाडी अचानक थांबते तेव्हा आत काय होतं ते बघा. 50 च्या स्पीडने जाणारी गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर माझा साडेबारा किलोचा मुलगा पावणेदोनशे किलोच्या जोराने पुढे जाणार. 30 चा स्पीड धरला, म्हणजे आपल्या सिंहगड रोडवर सकाळी मिळतो तो, तरी शंभर किलोच्या वर. ज्या बाईला डॉक्टरांनी पाच किलोची तांदळाची पिशवी उचलू नको म्हणून सांगितलंय तिच्या हातांनी शंभर किलो धरून ठेवायचे असं हा मेसेज सांगतो, आणि तेही मुलाच्या जिवावर. ऑपरेशन न झालेल्या, जिमला जाणाऱ्या पुरुषालाही ते जमत नाही, हात सुटतातच. 50 च्या स्पीडला आपटणं म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्यावर आपण मूल बसवू का, मी घट्ट धरलंय म्हणून?

आणि टाक्यांचा विचार करूनच मांडीवर घ्या म्हणता ना, तर दोन वर्षांचं मूल मांडीवर गप्प बसत नाही. त्याच्या टाचा आणि कोपरं नेमकी बेंबीपाशी येतात. साधा ब्रेक लागला तरी ते पुढे जातं आणि त्याला धरून ठेवायचा सगळा ताण पोटावर.

एकाच बेल्टमध्ये दोघं, हे तर मांडीपेक्षा वाईट. धडकेत माझं साठ किलोचं शरीर पुढे जाणार आणि मधे बेल्टवर मूल चिरडणार. मागच्या सीटवर काही होत नाही म्हणणाऱ्यांनी सप्टेंबर 2022 आठवावा, पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते मागच्याच सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. पुढे घेऊन बसायचा तर विचारही नको, डिसेंबर 2024 मध्ये वाशीला पुढच्या सीटवरचा सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यावर गेला, मला अजून ती बातमी आठवली की कसंतरी होतं. याउलट अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याचा आकडा आहे की कार सीटमुळे एक वर्षाखालच्या बाळांचे मृत्यू 71 टक्क्यांनी आणि एक ते चार वयाच्या मुलांचे 54 टक्क्यांनी कमी होतात. निम्म्याहून जास्त.

कायदा नाही हे सरळ खोटं आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 194ब आलं, 1 सप्टेंबर 2019 पासून लागू, 14 वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा मुलांच्या सीटने बांधलेलं नसेल तर 1000 रुपये दंड. पोलीस थांबवत नाहीत हे खरं असेल, पण म्हणून कायदा नाही असं होत नाही.

राहिलं ते ‘एकदा उचललं तर काय होतंय’. तिसऱ्या आठवड्यात मी उचललं. पाळणाघरातून येताना तो गाडीत झोपला, पार्किंगमध्ये पाऊस आत येत होता, सासरे गेटवर कुणाशी तरी बोलायला थांबलेले, आणि मला वाटलं लिफ्टपर्यंत वीस पावलं आहेत. सीटमधून बाहेर काढतानाच, म्हणजे वाकून, हात लांब करून, कंबर वळवून, बेंबीच्या डाव्या बाजूला काहीतरी ओढल्यासारखं झालं, गरम, आणि मी त्याला तसाच परत सीटवर टेकवला. सर्जनने दुसऱ्या दिवशी तपासलं, जाळी जागेवर होती, पण चार दिवस मला खोकताना उशी पोटावर दाबून धरावी लागली. त्यांनी सांगितलं की जाळी आजूबाजूच्या मांसात रुजायला आठवडे लागतात, तोवर आतल्या टाक्यांवरच सगळी भिस्त असते, आणि वजन उचलताना पोटातला दाब थेट तिथे येतो. म्हणून झोपलेलं मूल हा सगळ्यात मोठा धोका समजा. आता तो झोपला की मी गाडीतच त्याच्याजवळ बसते, दार उघडं ठेवून, नाहीतर पाच मिनिटं आधीपासून गाणी म्हणून जागं ठेवते. एकट्याला गाडीत ठेवून कुणाला बोलवायला वर जायचं नाही, अगदी दोन मिनिटंसुद्धा नाही.

आणि आज्यांचं नाव घेऊन हे खपवू नका. माझ्या आजीने कळशा उचलल्या, खरंय, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं आणि तिला नंतर अंग बाहेर यायचा त्रास आयुष्यभर राहिला, तो ती कुणाला सांगायची नाही. ज्या घरांत जमत होतं तिथे बाळंतिणीला सव्वा महिना जड काम करू देत नसत. सव्वा महिना आणि डॉक्टरांचे सहा आठवडे यात किती फरक आहे? आपल्याच बायकांनी हे आधी ओळखलं होतं.

एक गोष्ट मात्र त्या मेसेजमधल्या बायकांच्या बाजूने बोलते. रिक्षात आणि भाड्याच्या टॅक्सीत सीट मिळत नाही, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मी स्वतः हे पाच आठवडे टाळता येणारा प्रत्येक प्रवास टाळलाय, त्याची लस सोडून.

काल दोघीतिघींनी स्टूलचं विचारलं म्हणून, गाडीचा उंबरा जमिनीपासून मोजा आणि त्याच्या साधारण निम्म्या उंचीचं घ्या, वरती दोन्ही पाय मावतील इतकं रुंद. लाकडी पाट चालेल असं वाटलं होतं पण तो फार बुटका पडतो. आणि उतरताना तेच स्टूल आधी लावा, मग बकल उघडा, उलट केलंत तर पोरगं उडी मारतं आणि आपले हात आपोआप पुढे जातात.